दोन मुलांच्या एका खोलीसाठी करून घेतलेला ओढायचा बेड : वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

दोन लहान मुलं आणि दोघांना मिळून एकच खोली असेल तर माझं मत सरळ आहे, एकावर एक असलेल्या दुमजली बंक बेडच्या मागे लागू नका, खालून ओढून बाहेर काढायचा ट्रंडल बेड करून घ्या, आणि तोही रेडीमेड नको, सुताराकडून आपल्या खोलीच्या मापाने करून घ्या. आमच्याकडे हा बेड येऊन वर्ष उलटून गेलंय. एक अख्खा पावसाळा काढला, मे महिन्यातले पाहुणे झाले, दोघांचे ताप-खोकले झाले, उड्या मारून झाल्या, आता त्याच्याबद्दल नीट काही सांगता येईल. शिवाय फोटो बघून बऱ्याच जणींनी मापं विचारली होती, ती पण शेवटी देतेय.

घर पुण्यात, सिंहगड रोडला, टू बीएचके. मुलांची खोली १० बाय ११. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचचा. खोलीत बिल्डरने दिलेला माळा, त्याच्याखाली कपाट, एका भिंतीला खिडकी आणि दार आत उघडणारं, म्हणजे मोकळी अशी धड एक भिंत आणि दुसरी अर्धी. हे आधी सांगते कारण मुलांच्या खोल्यांचे जे सुंदर सुंदर फोटो आपण बघतो ना त्या खोल्यांना दारच नसतं असं वाटतं, सगळीकडे मोकळ्या भिंती आणि मधोमध गालिचा. आपल्या फ्लॅटमधे दाराचा पल्ला उघडायलाच अडीच-तीन फूट जातात आणि तिथे काहीच ठेवता येत नाही.

मला खोलीत सगळ्यात जास्त काय हवं होतं तर फरशी. खरंच. या वयाची मुलं दिवसभर जमिनीवर असतात. ब्लॉक्स जमिनीवर, पत्ते जमिनीवर, भातुकली जमिनीवर, रेल्वेचे रूळ जमिनीवर, अभ्याससुद्धा टेबलापेक्षा चटईवर पालथं पडून जास्त होतो, आणि बेडवर फक्त झोपतात. आणि आपण खोली करायला घेतली की पहिला प्रश्न काय तर बेड कुठे टाकायचा, दुसरा बेड कुठे टाकायचा, स्टडी टेबल दोन की एक, आणि हे सगळं बसवून जे उरेल ते मुलांना खेळायला. मला ते उलटं करायचं होतं, आधी खेळायची जागा धरायची आणि मग बाकीचं. हिशोब करून बघा, एक सिंगल बेड फ्रेमसकट साधारण २० चौरस फूट खातो. दोन वेगळे टाकले की ४० गेले, कपाटाचे आठ-दहा गेले, दाराच्या पल्ल्याचे गेले, ११० फुटांच्या खोलीत राहिलं काय? ओढायच्या बेडमधे दिवसभर फक्त २० चौरस फूट जातात आणि रात्री दुसरा बेड बाहेर येतो, तेव्हा खेळणी आवरलेलीच असतात. किंबहुना आवरावीच लागतात, नाहीतर बेड बाहेरच येत नाही. रोज रात्री पसारा आवरायला कोणी ओरडायला लागत नाही हा फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता.

आता बंक बेडचं. सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात, मुलांनाही तोच हवा असतो, आणि दिसतो पण मस्त. आम्ही तो का नाही केला त्याचं मुख्य कारण आहे पंखा. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे राहायच्या खोलीची उंची कमीत कमी २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट, आणि बहुतेक बिल्डर त्याच्या आसपासच थांबतात, आमच्याकडे साडेनऊ आहे. पंखा दांडीसकट खाली फूटभर लटकतो, म्हणजे पाती साडेआठ फुटांवर. बंक बेडची वरची गादी जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येते आणि आठ वर्षांचं मूल चार फुटांच्या आसपास असतं. पाच आणि चार नऊ. म्हणजे गादीवर उभं राहिलं तर डोकं पात्यांच्या वर जातं! पंखा बेडच्या बरोब्बर वर नसला तरी १० बाय ११ च्या खोलीत मधल्या पंख्याची पाती वरच्या बेडच्या कडेपासून फार लांब नसतात, हात लांब केला, उशी भिरकावली, चादर झटकली की संपलं. परदेशातल्या खोल्यांमधे छताला पंखा असतोच असं नाही, त्यामुळे तिकडची डिझाइनं जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणताना हा विचार होत नाही. भिंतीवरचा पंखा लावा असं एकाने सुचवलं, पण पुण्यातल्या एप्रिल-मे मधे भिंतीवरच्या एका पंख्यावर दोन मुलं झोपतील हे मला पटलं नाही.

दुसरं कारण वयाचं. अमेरिकेत बंक बेडसाठी कायद्याने ठरवलेले नियम आहेत. वरच्या बेडला दोन्ही बाजूंनी कठडा, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला सुद्धा, कठडा गादीच्या वर किमान ५ इंच, मधल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा कमी म्हणजे अंग आत सरकून डोकं अडकू नये, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका अशी सूचना बेडवरच लिहिलेली असली पाहिजे. तुम्ही बंक करणारच असाल तर हे चार मुद्दे सुताराला लिहून द्या, कारण मी दुकानांमधून जे बघितले त्यातल्या कितीतरी बेडना भिंतीकडून कठडाच नव्हता, आणि काहींवर जाड गादी टाकली की कठडा दोन-तीन इंचच उरत होता. आमचा धाकटा पाचचा, म्हणजे वर फक्त ताई झोपणार, आणि हा रोज वर चढायचा प्रयत्न करणार हे स्वच्छ दिसत होतं. आणि मूल रात्री तापाने फणफणलं असताना पाच फुटांवर शिडीने चढून त्याला औषध पाजायचं, पट्ट्या ठेवायच्या, हे प्रत्येक आईने एकदा डोळ्यासमोर आणून बघावं. चादर बदलणं तर वेगळंच, भिंतीकडचे कोपरे खोचायला आपल्यालाच वर चढून बसावं लागतं.

रेडीमेड पण बघितलं. नवी मुंबईला तुर्भ्याला आयकियाचं दुकान २०२० च्या डिसेंबरपासून आहे, तिथे मुलांचा विभाग मला मनापासून आवडला, विशेषतः ट्रोफास्ट नावाचे ते खोबणीत सरकणारे डबे, मूल स्वतः ओढून काढतं आणि स्वतः परत लावतं, कल्पना फारच छान आहे. पण बेडच्या बाबतीत एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी, त्यांच्या सिंगल गादीचं माप ९० बाय २०० सेंटिमीटर आणि आपल्याकडच्या गाद्या ७२, ७५, ७८ इंच लांब. आपली सगळ्यात लांब ७८ ची गादी पण १९८ सेंटिमीटरच होते. म्हणजे बेड तिकडचा घेतला तर गादी, गादीची खोळ, चादर सगळंच त्या मापात शोधायला लागतं. आमच्याकडे माहेरहून आलेली चांगली कापसाची गादी होती, ती मोडून नवीन मापाची करायची माझी तयारी नव्हती. एका मॉड्युलर फर्निचरवाल्यांकडून कोटेशन पण घेतलं, थ्रीडी चित्र सुरेख होतं, पण जिन्याच्या पायऱ्यांमधे ड्रॉवर असलेला बंक त्यांनी काढला होता आणि त्यात खोलीची उरलेली फरशी पण गेली होती, किंमतही दुपटीच्या वर.

मग सुतारकाका. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांची कामं त्यांनी केलीयेत, बोलणं कमी, हातात सफाई. नाव-नंबर इथे देत नाही, पण प्रत्येक भागात असा एखादा मिस्त्री असतोच, वॉचमनला विचारा. त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कागदावर चित्र काढायच्या आधी ते खडू घेऊन आले आणि खोलीत फरशीवर खऱ्या मापात बेड काढला. एक चौकट आत सरकवलेल्या बेडची, दुसरी बाहेर ओढलेल्या बेडची. मग दार उघडून बघितलं, कपाटाचे पल्ले उघडून बघितले, मुलांना त्या चौकटीत झोपायला लावलं, मी मधून चालून बघितलं. तेव्हाच कळलं की बेड आधी ठरवलेल्या भिंतीला लावला तर रात्री खालचा बाहेर असताना कपाटाचा एक पल्ला अडकणार, म्हणून तो खिडकीच्या बाजूच्या भिंतीला घेतला. एवढं साधं काम, आणि ते ना दुकानवाले करतात ना थ्रीडीवाले. कोणाकडूनही बेड करून घ्या पण हे खडूचं मात्र नक्की करायला लावा.

सामान आम्ही बरोबर जाऊन आणलं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. दोन शब्द प्लायबद्दल सांगते कारण पैसे तिथेच जातात. १८ एमएमचा बीडब्ल्यूआर ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा घेतला, आयएस ३०३ चा शिक्का असलेला. एमआर, म्हणजे नुसत्या ओलसर हवेला टिकणारा, स्वस्त पडतो आणि नुसत्या कपाटाला चालतो, पण मुलांच्या बेडवर पाणी सांडणार, धाकटा अजून कधीकधी झोपेत ओलं करतो, फरशी पुसताना खालच्या फळीला पाणी लागणार, म्हणून बीडब्ल्यूआर. आयएस ७१० चा मरीन प्लाय पण दुकानदार सुचवत होते, तो किचनच्या सिंकखाली वगैरे ठीक, बेडरूममधल्या बेडला तेवढ्याची गरज नाही असं काकांचं म्हणणं आणि मला ते पटलं. दुसरं म्हणजे ई-वन किंवा ई-झिरो लिहिलेलं मागून घ्या, प्लायच्या चिकटवणातून जो फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो तो यात कमी असतो. नवीन फर्निचरचा तो डोळे चुरचुरणारा वास असतो ना, तोच. मुलं रात्री आठ-नऊ तास त्याच हवेत श्वास घेणार असतात, मला हा खर्च अजिबात जास्त वाटला नाही. बेड झाल्यावरही खिडक्या उघड्या टाकून आम्ही काही दिवस मुलांना आमच्याच खोलीत झोपवलं. वरून सनमायका लावला, रंग नाही. रंगच द्यायचा असेल तर डब्यावर बघा, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या वर नसावं असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. लहान मुलं बेडची कड चावतात, हसू नका, माझा धाकटा चावायचा.

आता बांधणीचं, कारण ओढायच्या बेडची खरी परीक्षा तिथे आहे. खालचा बेड बाहेर यायचा तर समोरच्या बाजूला मधे पाय देता येत नाही, म्हणजे साडेसहा फुटांची समोरची पट्टी नुसती दोन टोकांवर उभी. साध्या एका प्लायची केली तर काही महिन्यांत मधे झोल येतो, त्यात मुलं उड्या मारणार. काकांनी समोरची पट्टी डबल प्लायची केली आणि आतून लोखंडी चौकोनी पाइप स्क्रूने बसवला. वर्षभरात एक सूतसुद्धा वाकली नाहीये, मी दोरी लावून बघितलंय. आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्यांनी त्याच कडेवर बसून चहा प्यायलाय.

चाकांना कंजूषी करू नका. कडक नायलॉनची चाकं व्हिट्रिफाइड टाइलवर रोज फिरली की रेघा उमटतात आणि आवाज तर असा होतो की खालच्या मजल्यावरचे वर येतील. आम्ही रबरी घेतली, २ इंची, सहा चाकं, त्यातल्या पुढच्या दोघांना ब्रेक. ब्रेक हवेतच, नाहीतर खालचा बेड रात्री हळूहळू सरकत जातो आणि दोन्ही बेडच्या मधे फट पडते. ओढायला हँडल किंवा मूठ लावू नका, येता-जाता नडगीला लागतं, त्याऐवजी समोरच्या फळीलाच पाच इंचाची लांबट खाच पाडून तिच्या कडा घासून घेतल्या. आत ढकलताना बोटं चिमटू नयेत म्हणून दोन्ही टोकांना रबरी गुटके लावलेत, बेड पूर्ण आत गेला तरी बोटभर जागा राहते. सगळ्या बाहेरच्या कोपऱ्यांना गोलाई. हे काकांनी न सांगता केलं, त्यांना नातवंडं आहेत म्हणाले.

गादीकडे पण लक्ष द्या, लोक इथे घाई करतात. वरची आमची जुनीच, पिंजून परत भरून घेतली, ५ इंच. खालची मात्र ४ इंचांच्या वर चालत नाही कारण ती आत गेली पाहिजे, आणि उशी-पांघरूण त्याच्यावरच ठेवून आत ढकलता आलं तर रोजचं काम निम्मं होतं. म्हणून खालच्या बेडच्या वर ३-४ इंच मोकळी जागा धरायला सांगितली. खालची गादी गादी कारखान्यातून मापाने करून घेतली, ७२ बाय ३४. फोमची घेऊ का कापसाची याच्यावर घरात बरीच चर्चा झाली, शेवटी कापूस, कारण उन्हात टाकता येते आणि ओली झाली तर उघडून वाळवता येते.

पावसाळा हा या बेडचा सगळ्यात नाजूक भाग. खालची गादी दिवसभर बंद जागेत असते, जुलैमधे आठ-आठ दिवस ऊन नाही, हवेत ओल, कुबट वास यायला वेळ लागत नाही. काकांनी खालच्या फळीला हातभर अंतरावर रुपयाएवढी भोकं पाडली होती आणि मागची बाजू बंद न करता उघडी ठेवली होती, त्यामुळे हवा खेळती राहते. तरीही पावसाळ्यात मी सकाळी मुलं उठल्याबरोबर बेड आत ढकलत नाही, शाळेचं आवरेपर्यंत पंख्याखाली उघडा ठेवते, आणि ऊन पडेल त्या दिवशी गादी गॅलरीत. वास आला नाही, बुरशी आली नाही. पण कोकणात किंवा गोव्यात असाल तर मी खाली पूर्ण फळी न टाकता पट्ट्या-पट्ट्यांचा तळ करायला सांगेन, तिकडच्या दमटपणाला नुसती भोकं पुरतील असं वाटत नाही.

खोली एक असली तरी दोघांना आपली आपली जागा लागतेच, आणि त्यासाठी बेडचे दोन भाग पुरत नाहीत. वरच्या बेडच्या उशाला भिंतीत एक उथळ फळी केली, तिथे ताईची पुस्तकं, शिंपल्यांचा डबा, मैत्रिणीने दिलेलं काहीबाही. त्याला कोणी हात लावायचा नाही. धाकट्याला खालच्या बेडच्या पायथ्याशी, त्याच्या हाताच्या उंचीवर, तशीच एक. दोघांना वेगळे दिवे, ३ वॉटचे पिवळसर, बटण ज्याचं त्याच्या हाताशी, कारण ताईला वाचत पडायचं असतं आणि याला अंधार लागतो. वायरिंग सनमायका लागायच्या आधी करून घ्या, नंतर भिंतीवरून पट्ट्या फिरवलेल्या फार वाईट दिसतात. खेळण्यांसाठी रविवार पेठेतल्या बुरूड आळीतून बांबूच्या चौकोनी टोपल्या आणल्या, मापं देऊन करून मिळतात, हलक्या असतात, मुलांना उचलता येतात, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांसारख्या कोपऱ्यात फुटत नाहीत.

पुस्तकांचं छोटं कपाट मात्र भिंतीला बांधलंय आणि हे मी हात जोडून सांगेन, बांधाच. मुलं खालच्या कप्प्यावर पाय देऊन वर चढतात. अमेरिकेत २०१६ मधे ड्रॉवरची कपाटं अंगावर पडून लहान मुलं दगावली म्हणून आयकियाला तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलवायला लागली होती, म्हणजे हा काही काल्पनिक धोका नाही. आपल्याकडच्या नवीन बिल्डिंगांमधे अजून एक गोष्ट बघायला लागते, भिंत कशाची आहे ती. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांची असेल तर स्क्रूसाठी भोकात घालतात तो साधा प्लॅस्टिकचा फिशर त्यात नीट पकड घेत नाही, जरा ओढलं की भुगा होऊन बाहेर येतो, त्याच्यासाठी वेगळे अँकर मिळतात ते मागा. मिव्हनची, म्हणजे साच्यात ओतलेली सलग काँक्रीट भिंत असेल तर साध्या ड्रिलने भोकच पडत नाही, हॅमर ड्रिल लागतं. आमची ब्लॉकची आहे, काकांनी ठोकून आवाजावरून ओळखली.

आता जे पटलं नाही किंवा त्रासाचं आहे ते. मच्छरदाणी लावता येत नाही. दोन बेड दोन उंचीवर, त्यामुळे कुठलीच मच्छरदाणी नीट खोचली जात नाही, आणि सिंहगड रोडला नदी जवळ असल्यामुळे डास आहेतच. आम्ही खिडकीला सरकती जाळी बसवली आणि संध्याकाळी पाचला खिडकी बंद करतो, पण ज्यांच्याकडे डासांचा फारच त्रास आहे त्यांनी याचा आधी विचार करा. दुसरं, केर. खालच्या बेडच्या मागे भिंतीशी धूळ, पेन्सिलचे तुकडे, मोजे, सगळं जाऊन बसतं, दर रविवारी बेड पूर्ण बाहेर काढून झाडायला लागतं, आमच्याकडे झाडू-पोछाला येणाऱ्या मावशी रोज एवढं करणार नाहीत आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. तिसरं, खालचा बेड मोठ्या माणसाला फार खाली पडतो. आजी राहायला येते तेव्हा ती वरच्या बेडवर आणि ताई खाली, धाकटा आमच्याकडे. गुडघ्याचा त्रास असणाऱ्याला खालच्यावरून उठणं अवघड आहे. पण खालचा बेड चाकांवर असल्याने तो सरळ हॉलमधे पण नेता येतो. मे महिन्यात माझे भाऊ-वहिनी आणि त्यांची मुलं आली होती तेव्हा तो बेड रोज रात्री हॉलमधे आणि सकाळी परत खोलीत, आणि सगळी मुलं मिळून ढकलायची, त्यांना तो उद्योगच आवडायला लागला होता.

वरचा कोणाचा यावर भांडणं होतील अशी मला धास्ती होती. झालीच नाहीत म्हणता येणार नाही, पण वरचा आणि खालचा यात उंचीचा फरक एक फुटाच्या आतला, त्यामुळे वर झोपण्याचं बंक बेडसारखं आकर्षण राहत नाही. उलट धाकट्याला खालचाच हवा असतो कारण तो त्याची गुहा करतो, अर्धा बाहेर अर्धा आत ओढून. आणि झोपेत गडगडला तरी सात इंचांवरून फरशीवर, उठत पण नाही. ताई वरून पडली तर त्याच्या गादीवर पडते. मला रात्री शांत झोप लागते ती यामुळे.

सुतारकाकांच्या कामाबद्दल वेगळं लिहायचं तर हात उत्तम, वेळेचं मात्र जरा सैल. मधे एक लग्नसराई आणि गावची जत्रा आली आणि काम लांबलं. आधी रोजावर करू म्हणत होते, आम्ही उक्तं ठरवलं ते बरं झालं, लांबलं तरी पैसे वाढले नाहीत. कापायचं काम पार्किंगमधे केलं म्हणजे घरात भुसा झाला नाही, सोसायटीची परवानगी आधी घेऊन ठेवा, दुपारच्या झोपेच्या वेळी मशीन चालवू देत नाहीत आणि बरोबरच आहे ते. प्लाय, सनमायका, चाकं, पाइप, मजुरी सगळं धरून तीस हजारांच्या आत झालं, गाद्या वेगळ्या. कापून उरलेल्या प्लायमधे त्या दोन फळ्या आणि एक पाटासारखा बुटका डेस्क पण निघाला, जमिनीवर बसून लिहायला. टेबल-खुर्ची अजून घेतलेलीच नाही. लेक पाचवी-सहावीत गेली की लागेल तेव्हा बघू, तेव्हा तिला वेगळा कोपराही लागेल, पडदा लागेल, कदाचित हॉलचा एक भाग तिला द्यावा लागेल. भाऊ-बहीण असतील तर ही खोली जास्तीत जास्त अजून चार-पाच वर्षांची आहे हे धरूनच खर्च करा. दोन बहिणी किंवा दोन भाऊ असतील तर बराच काळ चालेल. आम्ही म्हणूनच खालचा बेड स्वतंत्र वापरता येईल असा करून घेतलाय, चाकं काढून खाली पाय लावले की तो साधा सिंगल बेड होतो, पायांसाठी भोकं काकांनी आत्ताच पाडून ठेवलीयेत.

ज्यांची खोली आठ फुटांपेक्षा अरुंद आहे त्यांनी हा करू नये. रात्री दोन्ही बेड मिळून सहा फूट रुंदी जाते, राहिलेल्या दोन फुटांत दार उघडणार नाही आणि रात्री बाथरूमला जाताना मूल अंधारात खालच्यावर पाय देणार. आणि जुळी किंवा अगदी पाठोपाठची असतील, दोघंही तीनच्या आत, तर बेडच नको, जमिनीवर दोन गाद्या घाला, सगळ्यात छान.

मापं लिहून घ्या. बाहेरून लांबी ७८ इंच, रुंदी साडेसदतीस. वरची गादी ७५ बाय ३६, ५ इंच जाड, गादीचा माथा जमिनीपासून १८ इंच. समोरच्या पट्टीखाली मोकळी उंची ११ इंच. खालची गादी ७२ बाय ३४, ४ इंच, तिचा माथा चाकांसकट सव्वासात इंच. चाकं सहा, मधली दोन विसरू नका, चारच लावली तर खालची फळी पोटात बसते. आणि हे सुताराला सांगताना तुमच्या घरात असलेली गादी आधी स्वतः टेपने मोजा, दुकानातून ७५ ची म्हणून घेतलेली गादी वापरून वापरून इंचभर पसरलेली असते.